दालचिनीचा गंज

माझ्या घरमालकांनी सैन्यात बावीस वर्षं गंज काढला आणि निवृत्त होऊन रहिमतपूरला परतल्यावर ते गंज चढवायला बसले. मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायला गेले त्या दिवशी ते जिन्याखाली उकिडवे बसून पोह्यांच्या कोऱ्या करकरीत डब्याला गेरू लावत होते. सहा फूट उंची, मिशा दोन्ही बाजूंनी वर वळवलेल्या, आणि हातात दात घासायचा जुना ब्रश. माझी ट्रंक बघून ते उभे राहिले. मला वाटलं, उचलायला मदत करणार. त्यांनी ट्रंकेच्या कडेवरून बोट फिरवलं, जिथं रंगाचा पोपडा उडाला होता तिथं थांबले आणि म्हणाले, "वा! ह्यो खरा हाय. कुठं ठेवत हुता, न्हाणीजवळ व्हय?"

ट्रंक आमच्या सांगलीच्या घरी सात वर्षं न्हाणीजवळच होती.

आमच्या भागात सैन्यातून आलेला माणूस कुठल्याही हुद्द्यावरून आलेला असो, गल्ली त्याला मेजर म्हणते. हे हवालदार म्हणून निवृत्त झाले होते, तेही गाड्यांच्या वर्कशॉपमधले रंगारी. पॉलिश पेपरनं गंज खरवडायचा, वर हिरवा रंग मारायचा, पावसाळा गेला की परत खरवडायचा. "बावीस वर्सं दुश्मन एकच, मॅडम," ते म्हणायचे. "गंज. आन् खरं सांगू? लढता लढता मला त्यो आवडाय लागला."

आवड कुठवर गेली होती ते मला हळूहळू कळत गेलं. घराचं लोखंडी गेट नवीन होतं, पण मेजरांनी ते असं रंगवलं होतं की भंगारवाला दर आठवड्याला हाक मारायचा, "मेजर, गेट द्यायचं का?" त्या दिवशी मेजर दोन भाकरी जास्त खायचे. माझ्या नव्या कोऱ्या स्कूटीकडे ते रोज सकाळी दुःखानं बघायचे. "हिला अजून काय बी झालेलं न्हाई," असं एखाद्या आजारी माणसाबद्दल बोलावं तसं बोलायचे. एकदा मी लॅबमधून आले तर माझ्या प्लास्टिकच्या बादलीला गंज चढला होता. प्लास्टिकच्या! आई सांगलीहून मला भेटायला आली होती, तिनं त्या बादलीतलं पाणी अंगावर घ्यायला साफ नकार दिला. मी नखानं खरवडून दाखवलं तरी तिचा विश्वास बसेना. आईचा नकार मी मेजरांना सांगितला तेव्हा त्यांनी मला मूठभर खारे शेंगदाणे बक्षीस दिले.

काकी म्हणजे त्यांची बायको. ती या सगळ्याकडे, नवऱ्याला साखरेचा आजार असावा तसं बघायची. आहे, राहणार, सांभाळून घ्यायचं. "आवं, ह्यांच्या डोक्यालाच चढलाय त्यो," इतकंच म्हणायची.

मेजरांचं शास्त्र मात्र पक्कं होतं. "गंज लावायचा नसतो, मॅडम. त्याला यावंसं वाटलं पायजे. जितं पाणी थांबतं तितं त्यो येतो. खिळ्याच्या खाली, कडंला, बिजागरीत. जितं माणसाचा हात रोज लागतो तितं कवाच येत न्हाई." हे सांगताना ते बोटानं हवेत खिळे दाखवायचे. मी रोज लोकांच्या रक्तातलं लोह मोजणारी बाई. पण लोखंडाबद्दल इतकं प्रेमानं बोलणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा बघितला.

तर अशा माणसाच्या हातात त्यांच्या लेकीनं फोन दिला आणि त्या फोनवर एक परदेशी बाई आली. ती बाई कागदाची शोभेची छोटी पत्रपेटी करत होती. कागद कापला, चिकटवला, रंगवला आणि शेवटी पेटी अशी दिसायला लागली की जणू पन्नास पावसाळे एखाद्या फाटकावर काढले असावेत. मेजरांनी तो व्हिडिओ किती वेळा बघितला देव जाणे. "ती काय बोलती एक अक्षर कळत न्हाई," ते म्हणाले. "पन तिचा हात कळतो." त्याच आठवड्यात त्यांना समजलं की सांगलीत हौशी लोकांच्या कागदकामाचं प्रदर्शन भरणार आहे. झालं! त्या बाईची पेटी वीतभर होती. मेजरांनी ठरवलं, आपली पुऱ्या मापाची करायची, भिंतीवर टांगता येईल अशी.

नव्या फ्रीजचं खोकं शेजारून आलं. काकीच्या क्रोशाच्या सुईनं पुठ्ठ्यावर बारीक बारीक रेघा ओढल्या, त्यामुळे तो न मोडता वळला आणि पेटीला गोल टोपी आली. त्यावर मैद्याच्या खळीत भिजवलेल्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या, थरावर थर. प्रत्येक थर बसवताना मेजर दबक्या आवाजात "सावधान!" म्हणायचे आणि वाळत ठेवताना "विश्राम!" मी जिन्यावरून जाता-येता ही कवायत ऐकायची. पेटीवरचे रिवेट म्हणजे हरभऱ्याची डाळ. अर्धगोल, एकसारखे, ओळीत चिकटवलेले. खडबडीतपणासाठी चाळलेली वाळू. मग काळा रंग, त्यावर विटका लाल आणि त्यावर गंज. गेरू होता, चहाचा उकळून घट्ट केलेला चोथा होता, चिमूटभर हळद होती. तरी मेजरांचं समाधान होईना. "मेलेला दिसतोय," म्हणायचे. "गंज जित्ता असतो."

दोन दिवसांनी स्वयंपाकघरातून काकीचा आवाज आला. "आवं! माजी दालचिनी कुटं गेली?"

मग बरणीचं झाकण आपटल्याचा.

"सगळी बरणी रिकामी? आवं, पाव किलो हुती!"

दालचिनीची पूड ओल्या रंगावर झटकली होती. आणि खरं सांगते, तो गंज जिवंत झाला होता. कडांना गडद, मध्ये भुरकट, खिळ्यांखालून ओघळलेला. जिथं पत्र टाकताना हात टेकेल तिथं मात्र रंग नितळ, झिजल्यासारखा. फक्त जवळ गेलं की बिर्याणीचा वास यायचा. पाऊस आणि पाली आत जाऊ नयेत म्हणून फटीच्या आतल्या बाजूला त्यांनी काकीच्या गुडघ्याच्या एक्स-रेचा तुकडा लावला होता. तो आत झुकायचा, बाहेर यायचा नाही. मागं दार वगैरे काही नव्हतं. शोभेच्या पेटीला दार कशाला? वर लिहिलं 'पत्रपेटी'. खाली एक छोटी पाटी रंगवली, 'पुढील डाक : उद्या'. ती पाटी लिहून झाल्यावर मेजर एकटेच बराच वेळ हसत बसले होते.

मग वार्निश मारून पेटी गेटच्या खांबावर टांगली. "चार दिस ऊन खाऊ दे," म्हणाले आणि काकीला घेऊन वाईला लेकीकडे गेले. श्रावण होता. चार दिवस ऊन येत-जात राहिलं. मी सकाळी सातला लॅबमध्ये जायची ती दिवे लागायच्या वेळी यायची. आमच्या कोपऱ्यावरची खरी पेटी गटाराच्या कामात काढून लांब चौकात नेली होती आणि राखीपौर्णिमा तोंडावर आली होती. या दोन गोष्टी मी एकत्र करून बघायला हव्या होत्या, पण नाही केल्या.

मेजर आणि काकी वाईहून परतले त्या दिवशी मी दुपारच्या जेवणाला घरी आले होते. मेजरांनी सांगलीला न्यायची म्हणून पेटी खांबावरून काढली आणि अंगणातच थांबले. पेटी कानाशी धरली. हलवली.

"मॅडम, आत उंदीर हाय."

मी कान लावला. आत काहीतरी सरकत होतं, पण उंदरासारखं नाही. तेवढ्यात गेटमधून पलीकडच्या घरातल्या आक्का आल्या. सत्तरी ओलांडलेल्या, हातात लिफाफा.

"आरं मेजर, पेटी कुटं घिऊन चाललास? माजी राखी टाकायची हाय."

"हिच्यात?"

"मग? समद्या गल्लीनं हिच्यातच टाकल्यात. बरं झालं बाबा तू पेटी आनलीस. चौकापातूर आमचं पाय कुटं चालत्यात!"

मी मेजरांकडे बघितलं. दोन्ही मिशा एकदम खाली आल्या होत्या. आमच्या गल्लीत घरटी एक माणूस सैन्यात. कुणी लडाखला, कुणी राजौरीला, कुणी आसामात. राखी सहा दिवसांवर होती.

पुढचा अर्धा तास मी जन्मात विसरणार नाही. मेजरांनी आधी पेटी उलटी करून झटकली. लिफाफे खसखसले, पण एक्स-रेनं वाट अडवली. खाली पडली ती थोडी दालचिनी. मग त्यांनी फटीतून चिमटा घातला. चिमटा निसटून आतच पडला. मग आक्कांनी छत्रीची काडी दिली. काकीनं काडीच्या टोकाला खळ लावून दिली. खळीला एक लिफाफा चिकटला, वर आला, फटीपर्यंत आला, "आला, आला!" असं आम्ही तिघी ओरडलो आणि काकीच्या गुडघ्यानं तो परत आत ढकलला. त्यात आता काडीही गेली. आक्का हसून हसून पायरीवर बसल्या. मी ओढणी तोंडात कोंबली होती. मेजर मात्र हसत नव्हते.

"कापावी लागंल," मी म्हणाले.

"रविवारी सांगली हाय, मॅडम."

"दुसरी करा."

"चार दिसांत? गंजाला यायला तरी वेळ नगं?" ते पेटीशेजारी खाली बसले. म्हणाले, "एकदा बर्फात हुतो. माजी राखी दिवाळीला आली. मी दिवाळीला बांधली. समदे हसले, मी बी हसलो. पन त्या मधल्या दिसांत डाकंची गाडी आली की रोज सगळ्यांच्या म्होरं जाऊन हुबा ऱ्हायचो."

काकीनं आतून विळी आणून त्यांच्यापुढं ठेवली.

"इळीनं?" मेजर दुखावले. "भोपळा हाय व्हय त्यो?" त्यांनी स्वतःचा कटर आणला. कुठं कापायचं ते बोटानं चाचपून बघितलं आणि डाव्या अंगाला, सगळ्यात सुंदर ओघळ होता तिथून दोन बोटं सोडून, वरपासून खालपर्यंत एक सरळ चीर दिली. पेटीतून चिमटा पडला, काडी पडली आणि एकोणीस लिफाफे पडले.

आतली खळ नीट वाळलेली नव्हती. प्रत्येक लिफाफ्यावर तपकिरी डाग होते, पण पत्ते वाचता येत होते. तळाशी चिकटलेल्या एकाचा मात्र सगळा पत्ता पुसला होता. उरलं होतं ते पुढच्या बाजूला 'सिपाही' आणि मागच्या बाजूला 'सुरेखा'.

सुरेखा म्हणजे गल्लीच्या टोकाला ब्लाऊज शिवणारी. हात चांगला आणि जीभ कात्रीसारखी. तिचा धाकटा भाऊ यंदाच भरती झाला होता आणि ट्रेनिंग संपवून सिक्कीमच्या बाजूला कुठंतरी डोंगरात गेला होता. घरापासून लांब त्याची ही पहिलीच राखी. मेजरांचा बेत होता की सगळे लिफाफे गुपचूप पोस्टात टाकायचे, कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही. आता पत्ता हवा तर तिच्या दारात जाणं भाग होतं.

ते कापलेली पेटी काखेत घेऊन गेले. मी मागून. दारात टाचा जुळवून उभे राहिले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. सुरेखानं मशीन थांबवलं.

"म्हंजे माज्या भावाची राखी तुमी पुट्ट्यात टाकली?"

"टाकली तुमी. पुट्टा माजा हुता."

"लाज न्हाई वाटली, मेजर? पोरगं तितं वाट बघत आसंल! आन् कसला पुट्टा? मी सोता टाकलीया. चांगली लोखंडाची पेटी हाय ती, गंजलेली!"

मेजरांनी पेटी तिच्या हातात दिली. तिनं जड असेल म्हणून दोन्ही हात ताकदीनं खाली लावले आणि पेटी एकदम तिच्या डोक्याच्या वर गेली. तिनं ती खाली आणली, टिचकी मारली. हुंगली. डाळीचा एक रिवेट नखानं काढून चक्क दाताखाली धरला.

"आगं बया," ती म्हणाली. "हरबऱ्याची डाळ!" आणि मग ती जी हसायला लागली, ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. रागही गेला नव्हता. हसता हसताच म्हणाली, "पन मी संगट येनार. माज्या डोळ्यानं बघनार राखी गेलेली. तुमच्यावर माजा इस्वास न्हाई."

रहिमतपूरची त्या दिवसाची डाक निघून गेली होती. साताऱ्याच्या मोठ्या पोस्टातून संध्याकाळची गाडी मिळाली असती. मी लॅबमध्ये फोन करून पोट दुखतंय म्हणून सांगितलं. ते हसून हसून खरोखरच दुखत होतं. आम्ही तिघं एसटीत बसलो. आक्कांचा धरून वीस लिफाफे सुरेखाच्या पदरात. मेजरांनी माझ्याकडून वहीचे कागद मागून घेतले आणि गाडीच्या धक्क्यांत, मांडीवर पिशवी ठेवून, डागाळलेल्या लिफाफ्यांसाठी एकोणीस चिठ्ठ्या लिहिल्या. एकच मजकूर एकोणीस वेळा. 'लिफाफ्यावरील डाग दालचिनीचा आहे. चूक माझी आहे. बहिणीवर रागावू नये. मेजर, रहिमतपूर.' कंडक्टरनं वाकून एक चिठ्ठी वाचली, मेजरांकडे बघितलं आणि तिकीट फाडून निघून गेला.

पोस्टाच्या खिडकीवरच्या बाईंनी लिफाफे हुंगले, मग आम्हाला बघितलं. नव्या पाकिटांत सगळं घालून द्या म्हणाल्या. तेही केलं. सुरेखानं पत्ता नव्यानं लिहून तिचा लिफाफा सगळ्यात शेवटी दिला.

"सा दिसांत पोचंल का ओ?"

"पोचायला पाहिजे," बाई म्हणाल्या. "पण वरती डोंगरात हवा कशी असेल, ते आम्ही नाही सांगू शकत."

परतीच्या गाडीत सुरेखा मेजरांकडे पाठ फिरवून बसली.

दुसऱ्या दिवशी गल्लीतली झाडून सगळी बायामाणसं पेटी बघायला आली. कुणी चिडून आली होती, पण टिचकी मारल्यावर चिडायचं कसं? काकी चहा करून करून दमली. मेजरांनी कापलेली बाजू रंगवली नाही. पिवळा पुठ्ठा तसाच उघडा ठेवला. "आता खोटं काय करायचं," म्हणाले, आणि रविवारी मी घरी निघालेच होते, तर माझ्याबरोबर पेटी घेऊन सांगलीच्या पॅसेंजरमध्ये बसले.

गाडीत पेटी मांडीवर होती, चीर पोटाच्या बाजूला. शेजारी पांढऱ्या शुभ्र कपड्यांतले एक गृहस्थ होते. त्यांनी आधी शर्ट सावरला, मग अंग चोरलं आणि ताकारी यायच्या आत उठून पलीकडे जाऊन बसले, डाग लागेल म्हणून. मेजरांच्या मिशा परत वर गेल्या.

प्रदर्शनाच्या टेबलावर एक तरुण बाई नावं लिहून घेत होत्या. त्यांनी पेटीकडे एकदाच बघितलं.

"काका, हा कागदकामाचा विभाग आहे. लोखंडी वस्तू इथं घेत नाहीत."

मेजरांनी कान पुढं केला. "काय म्हनाला?"

"लोखंडी वस्तू घेत नाहीत."

"जरा मोठ्यानं म्हना, मॅडम. मला कमी ऐकू येतं."

त्यांना वर्कशॉपमध्ये बावीस वर्षं हातोडे ऐकूनही सुई पडल्याचा आवाज ऐकू यायचा.

"लोखंडी! वस्तू! घेत! नाहीत!" सगळा हॉल वळून बघायला लागला. मेजरांनी डोळे मिटून ते शब्द आत घेतले आणि मग पेटी सावकाश फिरवली. पिवळी चीर बघून त्या बाई उभ्याच राहिल्या. पुढचे दोन तास पेटीभोवती गर्दी होती. परीक्षकांनी मात्र वस्तू अखंड नाही म्हणून ती बाद केली. बक्षीस कागदाच्या कमळाला मिळालं. मेजरांनी त्या कमळाजवळ जाऊन मनापासून टाळ्या वाजवल्या. मला म्हणाले, "चांगलं हाय. पन त्येला बघून कुनी कमळ म्हनलं का? कागदाचंच म्हनलं."

राखीच्या दिवशी सकाळपासून गल्लीत फोन वाजत होते. लडाखला पोचली. राजौरीला कालच पोचली. आसामातल्यानं तर लिफाफा हुंगून, ताई मसाला पण पाठवायचास, असं सांगितलं. अंगणात मेजरांची धाकटी बहीण कोरेगावहून येऊन, ताट घेऊन पाटासमोर बसली होती. मेजर खुर्ची सोडून पाटावर बसायला तयार नव्हते.

"सुरेखाच्या भावाची पोचू दे. मग बांद."

"आरं दादा, निरांजनात तिसऱ्यांदा तूप घातलंय मी!"

"थांब म्हनलं ना."

दोन वाजले. काकीनं सगळ्यांची पानं वाढली. मेजरांनी आपल्या ताटावर ताट पालथं घातलं. बहीण पुटपुटत होती. शेवटी अडीचच्या सुमाराला गल्लीतून चपला वाजल्या आणि सुरेखा हातात फोन उंच धरून धावत आली.

"मेजर! आवं मेजर! पोचली! ह्यो बगा, बोला त्येच्याशी!"

फोनवर कानटोपी घातलेलं एक गोबरं पोर होतं, मागं धुकं आणि पत्र्याची खोली. त्यानं मनगट पुढं केलं. राखी होती, तपकिरी डागासकट.

"जय हिंद, साहेब!" ते ताठ होऊन ओरडलं. "साहेब, आमच्या पोस्टवर समद्यांनी चिठ्ठी वाचली. मेजर साहेब शिपायाची माफी मागत्यात म्हनून कुनाचा इस्वासच बसंना. साहेब, युनिट कंचं तुमचं?"

मेजर गडबडले. "आरं लेकरा, मी मेजर न्हाई! गल्ली म्हनती. हवालदार हाय मी, हवालदार. रंगारी!"

पोराला क्षणभर काही कळेना. मग ते खदाखदा हसलं, मागची दोन-तीन डोकीही हसली. तरी त्यानं टाचा जुळवल्या आणि कडक सॅल्यूट ठोकला. मेजर खुर्चीतून ताडकन उठले आणि त्यांनी त्याहून कडक ठोकला.

आणि तिथंच नेटवर्क अडकलं.

पोरगं फोनमध्ये हात कपाळाला लावून थिजलं होतं. मेजर अंगणात हात कपाळाला लावून उभे. सुरेखानं फोन हलवला, वर धरला, तुळशीपाशी नेला. चित्र हलेना.

"आवं, खाली घ्या हात," काकी म्हणाली.

"त्येनं कुटं घेतलाय?" मेजर ओठ न हलवता म्हणाले. "त्यो घेईस्तोवर मी कसा घेऊ?"

एक मिनिट गेलं, दोन गेली. पाटासमोर बसलेली बहीण उठली. तिनं ताट उचललं, मेजरांच्या समोर येऊन उभी राहिली, चवड्यावर उंच होऊन कपाळाच्या उरलेल्या जागेत कुंकू लावलं आणि त्या कपाळाशी टेकलेल्या, हलता न येणाऱ्या मनगटाभोवती राखी गुंडाळून दोन गाठी आवळल्या.

"आता बरा घावलास," ती म्हणाली आणि त्यांच्या मिशांखाली अख्खा पेढा कोंबला.